तान्ह्याचें रडणें आणि शहाण्यांची सुई

तिन्हीसांजेची वेळ व्हावी, देवाजवळ दिवा लागावा आणि नेमका त्याच वेळीं पाळण्यांतील महिन्याभराच्या बाळानें आकांत मांडावा, हा अनुभव ज्यानें घेतला नाहीं असें घर विरळाच. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशीं घेतलेले, चेहरा लालबुंद. दूध पाजून झालें, दुपटें बदलून झालें, खांद्यावर घेऊन घरभर फेऱ्या घालून झाल्या, तरी रडणें थांबत नाहीं. आजी म्हणते, दृष्ट लागली, मीठमोहऱ्या ओवाळून टाका. आत्याबाई म्हणतात, पोटांत कळ येते आहे, उद्यां घुटींत मुरडशेंगेचे दोन वळसे अधिक द्या. शेजारचे शिकलेले गृहस्थ 'कॉलिक' हें इंग्रजी नांव सांगून मोकळे होतात. नांव कोणतेंही घ्या, रडणें तेंच असतें; आणि दोन-तीन तासांनीं तें जसें येतें तसेंच निघून जातें.

या रडण्यावर गेल्या कांहीं वर्षांत आणखी एक उपाय पुढें आला आहे. तो कोणा भगताचा नव्हे, विद्यापीठांतील विदुषींचा आहे. तो ओवाळून टाकण्याचा नव्हे, टोंचण्याचा आहे. दोन ते आठ आठवड्यांच्या अर्भकाच्या अंगांत चिनी सूचिचिकित्सेची, म्हणजे ॲक्युपंक्चरची, सुई टोंचली असतां तें कमी रडतें, असें हें प्रतिपादन आहे. २०१७ च्या जानेवारींत तें एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें आणि देशोदेशींच्या वृत्तपत्रांनीं त्याचा गाजावाजा केला. आम्हांस या लेखांत एवढेंच सांगावयाचें आहे कीं, हें प्रतिपादन त्याच्या स्वतःच्या पुराव्यानें सिद्ध होत नाहीं. आणि जोंवर तें सिद्ध नाहीं तोंवर, ज्याला 'नको' म्हणतां येत नाहीं त्याच्या अंगांत इतरांच्या समाधानासाठीं सुई खुपसणें हा उपचार नसून अन्याय आहे.

'स्वीडन कोठें आणि आपण कोठें! तेथील सुयांची उठाठेव आपणांस कशाला?' असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, ही सुई आपल्या उंबरठ्यावर केव्हांच येऊन ठेपली आहे. महाराष्ट्र राज्यानें २०१५ च्या कायद्यानें सूचिचिकित्सेस स्वतंत्र उपचारपद्धति म्हणून मान्यता दिली आहे. शिवाय या विद्येभोवतीं आपल्याकडे एका अत्यंत पूज्य नांवाचें वलय आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ सालीं तेथेंच त्यांनीं देह ठेवला. त्यांच्याच पथकांतील डॉ. विजयकुमार बसू यांनीं पुढें चीनमध्यें सूचिचिकित्सा शिकून ती कलकत्त्यास आणली, आणि तेव्हांपासून कोटणिसांचें नांव व सुई यांची जोडी जमली. परंतु कोटणीस हे शस्त्रवैद्य होते. मुंबईच्या महाविद्यालयांत शिकलेली आधुनिक शस्त्रक्रिया हेंच त्यांनीं रणभूमीवर जखमी सैनिकांस दिलेलें दान होय. त्यांच्या पुण्याईवर सुईची हुंडी वटवूं पाहणें हा त्या त्यागी पुरुषाचाही गौरव नव्हे. तेव्हां नांवें बाजूस ठेवून पुराव्याकडे वळूं.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या काय्सा लांडग्रेन आणि इंगर हालस्ट्रॉम या दोन संशोधिकांनीं त्या देशाच्या स्कोने या दक्षिण प्रांतांतील चार बालआरोग्यकेंद्रांत १४७ बाळें घेऊन हा प्रयोग केला. बाळांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें तीन गट पाडण्यांत आले. पहिल्या गटास हातावर अंगठा व तर्जनी यांच्या मधल्या एकाच ठिकाणीं, दोन ते पांच सेकंद, बारीक सुई टोंचावयाची. दुसऱ्या गटास चिनी पद्धतीनें निदान करून जास्तींत जास्त पांच ठिकाणीं, तीस सेकंदांपर्यंत. तिसऱ्यास सुई मुळींच नाहीं. आठवड्यास दोन खेपा, असे दोन आठवडे. कोणत्या बाळास काय झालें तें आईबापांस कळूं नये म्हणून बाळास थोडा वेळ दुसऱ्या खोलींत नेत, आणि घरीं गेल्यावर आईबापांनीं रडण्याची रोजनिशी ठेवावयाची. मांडणी वरकरणी चोख आहे, आणि संशोधिकांच्या हेतूविषयीं आम्हांस यत्किंचितही शंका नाहीं. रडणाऱ्या बाळाचे आईबाप त्यांच्या दाराशीं येत होते, आणि त्यांना कांहींतरी द्यावें ही त्यांची तळमळ खरी होती. परंतु तळमळ म्हणजे प्रमाण नव्हे.

निष्पन्न काय झालें तें पाहा. उपायांत कांहींच गुण नसतांनाही केवळ योगायोगानें एवढा फरक दिसण्याचा संभव विसांत एकाहून कमी असेल, तर तो फरक दखल घेण्याजोगा मानावा, असा शास्त्रज्ञांचा संकेत आहे. विसांत एक म्हणजे ०.०५. या प्रयोगांत रडण्याचा वेळ दुसऱ्या आठवड्यांत किती घटला या तुलनेचा आंकडा आला आहे ०.०५०, म्हणजे बरोबर उंबरठ्यावर! इतर कांहीं आंकडे उंबरठा ओलांडून आंत आले आहेत हें खरें. पण येथें मोजणी एकच नव्हती. किरकिर, रडणें आणि कळ आल्यासारखें कळवळून रडणें असे प्रकार वेगळे. पहिला आठवडा, दुसरा आठवडा व त्यानंतरचा काळ वेगळा. अशा अनेक तुलना मांडल्या म्हणजे त्यांतील दोन-चार केवळ नशिबानें उंबरठ्याच्या आंत पडणारच. आंब्याच्या अढींतून वीस फळें चाचपल्यावर एखादें गोड निघालें म्हणून सगळी अढी हापूसची ठरत नाहीं. हा हिशेब अशा वेळीं उंबरठाच अधिक उंच करून करावयाचा असतो. तो तसा केला नाहीं, हा या निबंधावर टीकाकारांनीं घेतलेला मुख्य आक्षेप आहे आणि आमच्या मतें तो बिनतोड आहे.

त्याच निबंधांतील दुसरी एक गोष्ट मात्र वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आली नाहीं, आणि तीच सर्वांत मोलाची आहे. सुई टोंचण्यापूर्वीं मदतीसाठीं आलेल्या सर्व आईबापांस रडण्याची रोजनिशी ठेवण्यास सांगितलें होतें, आणि गाईच्या दुधाचा अंश कांहीं दिवस आहारांतून वर्ज्य करण्यास सांगितलें होतें. एवढें केल्यावर बहुसंख्य बाळांचें रडणें सामान्य मर्यादेंतच असल्याचें आढळून आलें! म्हणून अनावश्यक उपचार टळावेत यासाठीं आधीं मोजणी व पथ्य करावें, असें खुद्द संशोधिकांनींच लिहून ठेविलें आहे. म्हणजे सुई न लागतांच बहुतेकांचें काम झालें. पण कागद-पेन्सिलीची बातमी होत नाहीं, सुईची होते.

आणि ज्यांच्यावर सुई चालली त्यांचें काय? एकंदर ३८८ वेळां उपचार झाले. त्यांपैकीं २०० वेळां बाळ रडलें नाहीं. १५७ वेळां एक मिनिटापर्यंत रडलें. ३१ वेळां त्याहूनही अधिक. रडणें थांबविण्यासाठीं योजिलेल्या उपायानें १८८ वेळां रडविलें, हा विनोद आमचा नव्हे, त्या आंकड्यांचाच आहे.

आतां शेजारच्या नॉर्वेकडे वळूं. तेथें २०१३ सालीं ९० बाळांवर असाच प्रयोग प्रसिद्ध झाला. गुडघ्याखालीं दोन्ही पायांस तीन दिवस सुई टोंचण्यांत आली. या प्रयोगाचें वैशिष्ट्य असें कीं, आपल्या बाळास सुई लागली होती कीं नाहीं हें आईबापांस खरोखरच ओळखतां येत नव्हतें ना, याचीही परीक्षा त्यांत घेतली होती. निष्कर्ष असा निघाला कीं, सुईवाल्या व बिनसुईच्या बाळांत उल्लेखनीय फरक नाहीं. डोळ्यांवरची पट्टी पक्की बांधली कीं चमत्कार नाहींसा होतो, हा वैद्यकाच्या इतिहासांतील जुनाच अनुभव आहे. पुढें २०१८ सालीं या जातीच्या तीन प्रयोगांतील ३०७ बाळांची माहिती एकत्र करून पुन्हां तपासण्यांत आली, आणि अर्भकांच्या या रडण्यावर सूचिचिकित्सेची सरसकट शिफारस करूं नये असा निर्णय निघाला. त्या निबंधाच्या लेखकांत स्वीडनच्या त्या दोन्ही संशोधिकांचींही नांवें आहेत! हा त्यांचा प्रामाणिकपणा आम्ही मुक्तकंठानें मान्य करतों. खेद एवढाच कीं, २०१७ ची बातमी गांवोगांव पोंचली आणि २०१८ चा निर्णय कपाटांत राहिला.

मग शेंकडों आया 'आमच्या बाळास गुण आला' असें शपथेवर सांगतात त्या खोटें बोलतात काय? मुळींच नाहीं. त्या पाहिलेलें सांगतात. चुकतें तें अनुमान. डॉ. वेसेल आणि त्यांचे सहकारी यांनीं १९५४ सालीं या रडण्याची जी व्याख्या केली ती अजूनही सर्वत्र सांगितली जाते: दिवसास तीन तासांहून अधिक, आठवड्यांत तीन दिवसांहून अधिक, आणि असें तीन आठवड्यांहून अधिक. डॉ. ब्रेझेल्टन यांनीं १९६२ सालीं निरोगी बाळांच्या रडण्याची मोजणी केली तेव्हां असें दिसलें कीं, जन्मानंतर तें वाढत जातें, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखरास पोंचतें आणि नंतर उतरूं लागतें. तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत तें बहुधा ओसरलेलें असतें. कलहारी वाळवंटांतील कुंग लोकांच्या आया तान्ह्यास दिवसभर अंगाशीं बांधून हिंडतात आणि तें कुरकुरतांच त्यास पाजतात. त्यांच्याही बाळांत हा सुरुवातीचा चढ-उतार दिसून आला, मात्र रडण्याचा वेळ कमी भरला. अर्थात् हा चढ वाढीच्या वाटेवरील घाट आहे. तो चढून उतरावाच लागतो.

आतां विचार करा. आईबाप उपाय शोधावयास बाहेर केव्हां पडतात? रडणें शिखरास पोंचलें म्हणजे. आणि शिखरानंतर उतारावांचून दुसरी वाटच नसते. त्या वेळीं जो उपाय हाताशीं येईल, सुई, अंगारा, काढा किंवा गंडा, त्याच्या पदरांत यश पडावयाचेंच. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडते, यास आपले शास्त्रकार काकतालीय न्याय म्हणत आले. कोंबडें झांकून ठेविलें म्हणून उजाडावयाचें राहत नाहीं. तसेंच, तें आरवल्यामुळें उजाडलें असेंही होत नाहीं.

या चुकीचा इतिहास फार जुना आणि पुष्कळदां करुण आहे. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथें १८५१ सालीं विल्यम वुडवर्ड यांनीं जें 'ग्राइप वॉटर' निघविलें त्याच्या मूळ कृतींत आपल्या बाळंतशेपेचें तेल, सोडा, साखर आणि चक्क मद्यार्क होता. पिढ्यान् पिढ्या आयांनीं त्याचे गोडवे गाइले, आणि बाळ कशानें पेंगलें हें कोणी विचारलें नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या मायमाउल्या तान्ह्यानें दिवसभर निजून राहावें म्हणून त्यास अफूची 'बाळागोळी' देत. त्यांस दोष देण्यापूर्वीं त्यांच्या कामाचे तास मोजावेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत डायसायक्लोमीन नांवाचें औषध या रडण्यावर सर्रास दिलें जात असे. त्यानें रडणें कमी होई हें प्रयोगांतही दिसलें होतें. परंतु कांहीं बाळांचा श्वास अडखळूं लागल्याचें आढळल्यावर सहा महिन्यांखालील मुलांस तें देऊं नये असें ठरलें. जें दुखणें आपोआप जाणार आहे त्यावरील औषधास तिळभर धोकाही माफ नसतो, हा या सर्व इतिहासाचा धडा होय.

सूचिचिकित्सेचे कैवारी यावर तीन गोष्टी सांगतात. पहिली, सुई केंसासारखी बारीक असते, जखम नाममात्र होते. हें आम्ही मान्य करतों. पण अल्प अपाय क्षम्य ठरतो तो लाभ सिद्ध झाल्यावर; लाभाच्या जागीं शून्य असतां अल्प अपायही तोटाच. दुसरी, लस टोंचतांना बाळ रडत नाहीं काय? रडतें, पण घटसर्प आणि डांग्या खोकला हे तिसऱ्या महिन्यांत आपोआप निघून जाणारे पाहुणे नव्हेत. ते बाळाचा जीव घेतात, आणि लशीचा लाभ ज्याला टोंचलें त्यालाच मिळतो. तिसरी, ही विद्या हजारों वर्षांची आहे. असेल, पण प्राचीनता हाच पुरावा असेल तर दृष्ट काढणें कोणत्या कसोटीवर नापास करावयाचें? शिवाय परंपरेचीच साक्ष काढावयाची तर जपानांत मुलांसाठीं 'शोनिशिन' नांवाची जी पद्धति रूढ आहे तिच्यांत सुई टोंचतच नाहींत, बोथट साधनानें त्वचा नुसती हळुवार घांसतात. तान्ह्याच्या अंगांत लोखंड खुपसूं नये एवढा विवेक त्या परंपरेसही सुचला होता.

आपल्याच राज्यांत, मेळघाटांत, बाळाचें पोट फुगलें म्हणजे तापलेल्या विळ्यानें त्याच्या पोटावर चटके देण्याची चाल आहे. तिला 'डंबा' म्हणतात. २०२५ सालीं अवघ्या बावीस दिवसांच्या बाळास असे चटके दिल्याची बातमी आपण सर्वांनीं वाचली आणि हळहळलों. विळा आणि केंसाएवढी सुई यांत अंतर जमीन-अस्मानाचें आहे, हें विसरून आम्ही दोहोंस एका मापानें मोजीत नाहीं. परंतु ज्या विचारानें विळा उचलला जातो तो विचार आणि सुई उचलणारा विचार यांत आम्हांस अंतर दिसत नाहीं: बाळ रडतें आहे, कांहीं तरी केलेंच पाहिजे, आणि जें केलें त्यानंतर तें राहिलें. मेळघाटांतील आईस दवाखाना दूर असल्याची सबब तरी आहे. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरास कोणती सबब आहे?

या सर्व प्रकरणांत उपचाराची खरी गरज बाळास नसून घरास असते. रात्र-रात्र जागून आईचे डोळे खोल गेलेले असतात, बापाचा तोल सुटूं पाहतो, आणि सासूबाईंच्या 'तुझें दूध बाधलें' या एका वाक्यानें सुनेच्या काळजाचें पाणी होतें. हें दुःख खरें आहे. त्याची थट्टा करणारास आमच्या पंक्तींत स्थान नाहीं. किंबहुना धोका असला तर येथेंच आहे. संतापाच्या भरांत तान्ह्यास गदगदां हालविल्यानें त्याच्या मेंदूंत रक्तस्राव होऊन तें आंधळें झाल्याचीं, दगावल्याचीं उदाहरणें वैद्यकास ठाऊक आहेत. पण मग उपाय आईबापांवर करावयाचा कीं बाळावर? आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं अशांतला हा प्रकार होय.

आईबापांस द्यावयाचें औषध साधें आहे. पहिलें म्हणजे खरें सांगणें: बाळ निरोगी आहे, तुमचें कांहीं चुकलेलें नाहीं, आणि हें तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत जाईल. दुसरें, एकदां डॉक्टरांकडून बाळाची नीट तपासणी. ताप असेल, हिरवी उलटी होत असेल, शौचांत रक्त दिसत असेल, बाळ दूध तोंडांत घेत नसेल, मलूल पडलें असेल किंवा त्याचें वजन वाढत नसेल, तर तें साधें रडणें समजूं नये. तेथें सुईही नको आणि घुटीही नको, तडक डॉक्टर गांठावा. तिसरें, आईच्या हातांतून बाळ घेणारा दुसरा हात. आजोबांनीं तासभर फेऱ्या घालाव्यात, बापानें रात्रीची एक पाळी घ्यावी, नणंदेनें स्वयंपाक सांभाळावा. आणि कोणीच जवळ नसतां आपला संयम सुटूं लागला आहे असें वाटलें, तर बाळास पाळण्यांत सुखरूप उताणें ठेवून चार-दोन मिनिटें बाहेर येऊन उभें राहावें. त्यांत निष्ठुरपणा नाहीं, शहाणपण आहे.

हीं औषधें कोणत्याही दुकानांत मिळत नाहींत, त्यांस पदवी लागत नाहीं, आणि त्यांचा धंदाही होत नाहीं. म्हणूनच त्यांची जाहिरात होत नाहीं. सुई टोंचल्यानें 'आम्ही कांहीं तरी केलें' हें समाधान आईबापांस मिळतें. पण त्या समाधानाचें मोल कोण देतो? ज्याला अजून मान धरतां येत नाहीं तो. मोठ्या माणसानें स्वतःच्या पाठींत हव्या तितक्या सुया टोंचून घ्याव्यात, आम्ही त्याच्या आड येणार नाहीं. तान्ह्यास मात्र आपलें मत सांगण्याचा एकच मार्ग निसर्गानें दिला आहे, आणि तो म्हणजे रडणें. सुई टोंचतांच तें जें रडतें तेंच त्याचें मत आहे. तें ऐकण्याइतकी तरी माणुसकी आपल्या ठायीं असावी.